हरलेल्यांचा आत्मप्रत्यय : कार्लाइलचा फुटबॉल संघ

१

९ नोव्हेंबर १९१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे, लष्करी अकादमीच्या मैदानावर, फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला अमेरिकेच्या सैन्यात अधिकारी होऊ घातलेले छात्र होते. पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण त्यांच्यात खेळत होता. दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील शासकीय शाळेचे विद्यार्थी होते. हे सारे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे, वेगवेगळ्या जमातींचे पुत्र. वुंडेड नी येथे याच सैन्याने लाकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची केलेली कत्तल २९ डिसेंबर १८९० ची. तिला अद्याप पुरती बावीस वर्षेही झालेली नव्हती. सामना कार्लाइलने २७–६ असा जिंकला.

या विजयाची कथा अमेरिकेत पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि तिला दंतकथेचे रूपही आले आहे. कथेतील नाट्य उघड असल्यामुळे एक अवघड प्रश्न मात्र तिच्यात सहसा झाकला जातो. ज्यांचे आईबाप युद्धात हरले, ज्यांची भाषा, केस, पोशाख आणि नावेही काढून घेण्यात आली, अशा मुलांच्या ठिकाणी बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर न डगमगण्याचे मनोबल आले कोठून? ते शाळेने दिले, प्रशिक्षकाने घडवले, की मुलांनी घरूनच बरोबर आणले? हा प्रश्न केवळ क्रीडेतिहासाचा नाही. जित समाजाच्या मनात उमटणाऱ्या आत्मविश्वासावर मालकी कोणाची, असा हा प्रश्न आहे, आणि वसाहतीचा अनुभव घेतलेल्या कोणत्याही समाजाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

दोन शब्दांविषयी आरंभीच खुलासा करणे इष्ट ठरेल. मराठीत या लोकांचा उल्लेख दीर्घकाळ ‘रेड इंडियन’ असा होत आला. एका खलाशाच्या भौगोलिक चुकीतून आणि कातडीच्या रंगावरून बनलेले हे नाव त्या लोकांनी स्वतःसाठी निवडलेले नव्हते. म्हणून येथे ‘मूलनिवासी’ हा शब्द योजला आहे आणि शक्य तेथे प्रत्येकाच्या जमातीचे नाव दिले आहे. दुसरा शब्द ‘फुटबॉल’. अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे भारतीय वाचकाच्या परिचयाचा, पायाने चेंडू खेळण्याचा खेळ नव्हे. तेथे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात. दोन्ही संघांच्या फळ्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना रेटतात. आणि ठराविक प्रयत्नांत ठराविक यार्ड जमीन जिंकता आली नाही, तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो. जमीन इंचाइंचाने घेण्याचा आणि राखण्याचा हा खेळ आहे. १८८७ च्या डॉज कायद्यामुळे मूलनिवासींच्या सामाईक जमिनींचे तुकडे पडू लागले आणि १९३४ पर्यंत सुमारे नऊ कोटी एकर जमीन त्यांच्या हातून गेली. नेमक्या त्याच काळात कार्लाइलची मुले हा खेळ शिकत होती.

२

कार्लाइलची शाळा १८७९ मध्ये एका जुन्या लष्करी छावणीत सुरू झाली. तिचा संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा घोडदळातील अधिकारी. फ्लोरिडातील किल्ल्यात ठेवलेल्या मूलनिवासी युद्धकैद्यांवर त्याने काही वर्षे देखरेख केली होती, आणि त्यांना इंग्रजी व हस्तव्यवसाय शिकवण्याच्या प्रयोगातून शाळेची कल्पना त्याला सुचली. मूलनिवासी माणूस जन्मतः हीन नाही, हे प्रॅटचे मत त्या काळात उदार म्हणावे असे होते. परंतु त्याच्यातील मूलनिवासी नाहीसा केला तरच माणूस वाचेल, हे त्याचे दुसरे मत त्या उदारपणाच्या पोटात दडलेले होते, आणि १८९२ मधील एका भाषणात त्याने ते निःसंकोचपणे मांडले.

शाळेचा सारा व्यवहार या दुसऱ्या मतावर उभा होता. मुले आली की प्रथम त्यांचे केस कापले जात. गणवेश चढवला जाई. मातृभाषेत बोलण्यास मनाई असे. आगमनाच्या वेळचे छायाचित्र आणि काही काळानंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून शाळा आपल्या यशाची जाहिरात करी. पहिल्या तुकडीत आलेल्या लूथर स्टँडिंग बेअर या लाकोटा मुलाने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात नोंदवले आहे, की फळ्यावर लिहिलेल्या अनोळखी खुणांपैकी एकीवर काठी टेकवल्याने त्याला ‘लूथर’ हे नाव मिळाले. त्याच पुस्तकातील आणखी एक आठवण येथे अधिक महत्त्वाची आहे. पूर्वेकडे जाण्यास तो तयार झाला तो शिक्षणाच्या ओढीने नव्हे. गोऱ्यांच्या मुलखात जाणे म्हणजे कदाचित मरणे, आणि तसे जाण्याने वडिलांपुढे आपले शौर्य सिद्ध होईल, अशी त्याची समजूत होती. धैर्याची ही कल्पना कार्लाइलच्या कोणत्याही वर्गात शिकवली जात नव्हती. ती मुलाबरोबर आगगाडीतून आली होती.

ही शाळा काटेकोर अर्थाने महाविद्यालय नव्हती. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम आणि प्राथमिक विद्या शिकवणारी ती औद्योगिक शाळा होती. तथापि तिचा फुटबॉल संघ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांशी खेळत असे, आणि अमेरिकेच्या क्रीडानोंदींत त्याची गणना महाविद्यालयीन संघांतच होते.

३

फुटबॉल या शाळेत प्रशासनाच्या योजनेतून आला नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. १८९० च्या सुमारास गावातील डिकिन्सन कॉलेजशी झालेल्या सामन्यात मॅटलॉक नावाच्या पॉनी जमातीच्या विद्यार्थ्याचा पाय मोडला, आणि प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यावर बंदी घातली. पुढे चाळीसेक विद्यार्थी एकत्र येऊन त्याच्या कचेरीत उभे राहिले. त्यांच्यातील एका चांगल्या वक्त्याने सर्वांच्या वतीने बंदी उठवण्याची मागणी केली. प्रॅटने आपल्या आठवणींत हा प्रसंग कौतुकाने सांगितला आहे. मागणी मान्य करताना त्याने दोन अटी घातल्या. समोरच्याने कितीही मारले तरी उलटून ठोसा मारायचा नाही, ही पहिली अट. दोन, तीन किंवा चार वर्षांत देशातील सर्वांत मोठ्या संघाला हरवण्याइतकी ताकद मिळवायची, ही दुसरी.

पहिल्या अटीमागील प्रॅटचे तर्कशास्त्र स्पष्ट होते. गोऱ्या खेळाडूने ठोसा मारला तर तो खेळाच्या ओघात घडलेला गैरप्रकार ठरेल. मूलनिवासी खेळाडूने मारला तर प्रेक्षक त्याला रानटीपणाचा पुरावा मानतील. त्या काळचा फुटबॉल अत्यंत दांडगाईचा होता. १९०५ च्या हंगामातील खेळाडूंच्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यात लक्ष घालावे लागले. अशा खेळात एका पक्षाने हात आवरून खेळायचे, हा नियम कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हता. कार्लाइलच्या मनोबलाचे पहिले रूप असे संयमाचे होते, आणि हा संयम विषम होता. प्रतिपक्षाला केवळ सामना जिंकायचा असे. कार्लाइलच्या मुलांना सामना खेळता खेळता आपण माणसे आहोत हेही सिद्ध करीत राहावे लागे.

या संयमाची कसोटी २४ ऑक्टोबर १८९६ रोजी लागली. त्या वर्षी कार्लाइलने महिन्याभराच्या आत प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या चार सर्वश्रेष्ठ संघांशी सामने घेतले होते. एवढे धाडस दुसरा कोणताही संघ सहसा करीत नसे. न्यूयॉर्कमधील येलविरुद्धच्या सामन्यात, पराभव समोर दिसत असताना, जेमिसन हा सेनेका खेळाडू प्रतिपक्षाच्या गराड्यातून सुटला आणि चेंडू घेऊन गोलरेषेपार गेला. परंतु त्याआधीच शिटी वाजली असल्याचे सांगून रेफरीने तो गुण नाकारला. विपर्यास असा, की हा रेफरी हिकॉक स्वतः कार्लाइलचा प्रशिक्षक होता आणि येलचा माजी विद्यार्थीही. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. कार्लाइलचे खेळाडू मैदान सोडण्याच्या बेतात होते. तेव्हा प्रॅट प्रेक्षकांतून खाली उतरला आणि मैदान सोडले तर माघार घेणारे म्हणून नाव पडेल, असे त्याने त्यांना समजावले. कर्णधार बेमस पिअर्स आणि त्याचे सहकारी परत फिरले. सामना येलने १२–६ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात हार्वर्डने त्यांना हरवले ते अवघ्या चार गुणांनी, आणि त्या सामन्यात हार्वर्डला एकच टचडाउन करता आला.

या प्रसंगाचे श्रेय प्रॅटच्या भाषणाला देण्याचा प्रघात आहे. परंतु भाषण करणाऱ्याला परत मैदानात उतरायचे नव्हते. अन्याय झाला आहे हे ठाऊक असताना, न्याय मिळणार नाही हेही ठाऊक असताना, उरलेला वेळ तितक्याच जोमाने खेळणे ही गोष्ट उपदेशाने साधत नाही. करार मोडले जाण्याचा अनुभव या मुलांच्या घरी पिढीजात होता. करार मोडल्यानंतरही जगत राहण्याची सवयही तितकीच जुनी होती.

४

१८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर हा प्रशिक्षक कार्लाइलला आला. ‘पॉप’ या टोपणनावाने तो पुढे अमेरिकेत सर्वतोमुखी झाला. त्याच हंगामात कार्लाइलने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठावर १६–५ असा विजय मिळवला. चार बड्या संघांपैकी एकावर मिळवलेला हा पहिला जय, आणि प्रॅटची दुसरी अट उशिरा का होईना, पूर्ण झाली.

वॉर्नरच्या आगमनाशी निगडित एक लहानसा प्रसंग त्याच्या विजयांपेक्षा अधिक बोलका आहे. सरावाच्या वेळी शिव्या देऊन खेळाडूंना चेव आणण्याची त्या काळी प्रशिक्षकांत सार्वत्रिक रीत होती, आणि वॉर्नरही तिला अपवाद नव्हता. थोड्याच दिवसांत काही चांगले खेळाडू सरावाला येईनासे झाले. चौकशी केल्यावर शिव्या हेच कारण असल्याचे त्याला कळले. त्याने माफी मागितली, जिभेला आवर घातला आणि खेळाडू परत आले. अपमानाने मन कणखर होते, हा सिद्धान्त अनेक क्रीडांगणांवर आणि शाळांतही आजवर टिकून आहे. कार्लाइलच्या मुलांनी तो आरडाओरडा न करता, केवळ गैरहजर राहून नाकारला. येथे शिष्यांनी गुरूला शिकवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढील काही वर्षांत संघाच्या मनोबलाला दुसरे रूप आले, ते बुद्धीवरील विश्वासाचे. कार्लाइलचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सामान्यतः वजनाने हलके असत. रेटारेटीत त्यांचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून वेग, फसवी चाल आणि अचूक वेळ यांवर वॉर्नरने भर दिला. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध कार्लाइलच्या खेळाडूंनी चेंडू झेलताच कडे केले, तो डिलन या सहकाऱ्याच्या जर्सीत पाठीमागून सरकवला आणि सगळे चहूकडे पांगले. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधीत राहिले आणि डिलन रिकाम्या हातांनी धावत गोलरेषेपार पोहोचला. अखेरीस हार्वर्डनेच सामना १२–११ असा जिंकला, परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो डिलन.

१९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास नियमाने मान्यता मिळाली. बड्या विद्यापीठांना ही फेक काहीशी कमीपणाची वाटे; ताकदीचा मार्ग त्यांच्या अंगवळणी पडला होता. जपण्यासारखी जुनी प्रतिष्ठा कार्लाइलपाशी नव्हती, आणि हेच त्याच्या पथ्यावर पडले. २६ ऑक्टोबर १९०७ रोजी फिलाडेल्फियात पीट हाउझर या शायान खेळाडूने फेकलेल्या लांब पल्ल्याच्या चेंडूंनी पेनसिल्व्हेनियाचा बचाव विस्कळीत केला. कार्लाइल २६–६ ने जिंकले. दोन आठवड्यांनी, फ्रँक माउंट प्लेझंट या टस्करोरा खेळाडूच्या कामगिरीच्या बळावर, त्यांनी हार्वर्डला प्रथमच हरवले. या खेळाच्या इतिहासकारांनी कार्लाइलच्या या हंगामाला आधुनिक फुटबॉलच्या जडणघडणीत मानाचे स्थान दिले आहे.

या यशाचे वर्णन करताना वृत्तपत्रांची भाषा मात्र बदलली नाही. सामना म्हणजे ‘कत्तल’, डावपेच म्हणजे ‘युद्धमार्ग’, विजय म्हणजे शिरकातडी सोलणे, अशी रूपके दर आठवड्याला छापली जात. कधी मूलनिवासी खेळाडू निर्विकार, भावनाहीन असल्याचे सांगितले जाई, तर कधी त्याच्या रक्तातच बेभानपणा असल्याचे. दोन्ही विधाने एकदम खरी असणे शक्य नव्हते, पण दोन्हींचे कार्य एकच होते. गोऱ्या खेळाडूचा संयम चारित्र्यात जमा होई; मूलनिवासी खेळाडूचा तोच गुण वंशाच्या खात्यात जाई. शाळेच्या प्रचारपत्रांत तो संस्कारांच्या खात्यात मांडला जाई, आणि क्रीडासमीक्षेत प्रशिक्षकाच्या. एका गुणाला इतके दावेदार निर्माण झाले, की ज्याने तो मैदानावर दाखवला त्याचे नाव शेवटी उरावे.

५

या पार्श्वभूमीवर १९११ आणि १९१२ हे दोन हंगाम पाहिले पाहिजेत. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा युवक आता संघाचा आधारस्तंभ झाला होता. ११ नोव्हेंबर १९११ रोजी हार्वर्डविरुद्ध तो दुखऱ्या, बांधलेल्या पायाने खेळला. त्याच पायाच्या लाथेने त्याने चार वेळा चेंडू गोलखांबांमधून पार केला आणि कार्लाइलने सामना १८–१५ ने जिंकला. पुढील आठवड्यात सिरॅक्यूजकडून हाच संघ एका गुणाने हरला, हेही सांगितले पाहिजे. मनोबल ही एकदा मिळाली की कायमची राहणारी मिळकत नसते.

त्याच वर्षी, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. दोन्ही घटनांत जित समाजाने जेत्याला त्याच्याच खेळात हरवले, हे साम्य भारतीय वाचकाला तात्काळ जाणवेल. पण भेदही तितकाच मोठा आहे. मोहन बागान ही कलकत्त्याच्या नागरिकांनी स्वतः स्थापन केलेली संस्था होती. तिचा विजय त्यांच्या घरी गेला. कार्लाइलचा संघ ज्या शासनाने त्या मुलांचे वाडवडील हरवले त्याच शासनाच्या शाळेचा होता, आणि त्याचा प्रत्येक विजय प्रथम त्या शाळेच्या अहवालात जमा होत असे.

१९१२ च्या उन्हाळ्यात थॉर्पने स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत सुवर्णपदके मिळवली. ज्या देशाच्या वतीने तो गेला त्या देशाने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये केला. शरद ऋतूत तो परत संघात आला, आणि मग वेस्ट पॉइंटचा सामना झाला. सामन्यापूर्वी वॉर्नरने खेळाडूंना त्यांच्या पूर्वजांची आणि समोरच्या छात्रांच्या पूर्वजांची आठवण करून दिली, असे सांगितले जाते. तसे झाले असेल, तरी त्या खेळाडूंना या आठवणीसाठी दुसऱ्याच्या जिभेची गरज होती असे मानणे कठीण आहे. सामन्यातील तपशील अधिक उद्बोधक आहे. जो ग्वायन या ओजिब्वे खेळाडूशी केलेल्या दांडगाईबद्दल वेस्ट पॉइंटच्या कर्णधाराला मैदानाबाहेर काढण्यात आले. क्वार्टरबॅक गस वेल्शच्या सूचनांनुसार कार्लाइलची मांडणी सतत बदलत राहिली. थॉर्पभोवती प्रतिपक्ष गोळा होताच चेंडू अॅलेक्स आर्कासाकडे जाई, आणि बहुतेक टचडाउन त्यानेच केले. लोकस्मृतीने हा विजय एकट्या थॉर्पच्या नावे केला असला, तरी तो परस्परविश्वासाचा विजय होता. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या जमातींची ही मुले शाळेने एकत्र आणली होती, ती त्यांची ओळख पुसण्यासाठी. एकत्र आल्यावर त्यांनी काय करावे हे मात्र शाळेच्या हाती राहिले नव्हते.

वॉर्नरने १९३१ मध्ये एका साप्ताहिकात लिहिलेल्या आठवणींत एक कबुली दिली आहे. संधी समान असली तर आपण काय करू शकतो, हे गोऱ्यांना दाखवण्याची जिद्द या खेळाडूंत होती, असा तिचा आशय आहे. ‘संधी समान असली तर’ ही अट येथे कळीची आहे. जमिनीच्या व्यवहारात, न्यायालयात, करारांच्या अंमलबजावणीत ती कोठेच पाळली गेली नव्हती. मैदानाची लांबी, खेळाडूंची संख्या आणि घड्याळ एवढ्यापुरती तरी ती पाळली जाई. पांढऱ्या चुन्याने आखलेल्या त्या चौकटीचे या मुलांना एवढे आकर्षण का वाटले असावे, याचा उलगडा येथे होतो.

६

चौकटीबाहेरची परिस्थिती लवकरच उघडी पडली. जानेवारी १९१३ मध्ये, थॉर्पने पूर्वी नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी प्रसिद्ध झाली. हौशी खेळाडूच्या नियमाचा भंग झाल्याचे ठरून त्याची पदके काढून घेण्यात आली. त्या वेळी थॉर्पच्या सहीने गेलेल्या पत्रात, आपण एक साधा मूलनिवासी विद्यार्थी असल्याने या गोष्टी आपल्याला समजत नव्हत्या, अशा आशयाची क्षमायाचना आहे. हे पत्र वॉर्नरने लिहून दिले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याच्या आत्मविश्वासाच्या बळावर शाळेने तिकिटे विकली, त्याला संकटाच्या वेळी अजाण बालकाची भूमिका देण्यात आली. प्रशिक्षकाला आणि अधीक्षकाला मात्र काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले गेले.

याच्या पुढच्या वर्षी जे घडले, त्याला कार्लाइलच्या क्रीडेतिहासात सहसा परिशिष्टाचे स्थान मिळते. वस्तुतः या साऱ्या इतिहासाचा अर्थ तेथे उलगडतो. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर संघाची सूत्रे हलवणारा गस वेल्श याच्या पुढाकाराने २७६ विद्यार्थ्यांनी शाळेच्या कारभाराची चौकशी करावी, अशा अर्जावर सह्या केल्या. फेब्रुवारी १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. अपुरे अन्न, मारहाण, अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांचा कारभार आणि फुटबॉलच्या उत्पन्नातून उभा राहिलेला क्रीडानिधी असे अनेक विषय पुढे आले. सामन्यांचा पैसा शासकीय हिशेबाबाहेर राही, आणि त्यातील रकमा वृत्तपत्रांशी संबंधित माणसांनाही दिल्या गेल्याचे उघड झाले. वेल्शने साक्षीत वॉर्नरविषयी सांगितले ते असे, की प्रशिक्षक म्हणून तो चांगला, पण माणूस तत्त्वाचा नाही. खेळाडूंना केलेली शिवीगाळ हाही तक्रारीचा विषय होता. १८९९ मधील माफी पुरली नव्हती.

या साक्षीचा सूर लक्षणीय आहे. तिच्यात प्रशिक्षकाचे श्रेय नाकारलेले नाही, आणि त्याच्या श्रेयाने त्याचे दोषही झाकलेले नाहीत. ज्याने आपल्याला जिंकायला शिकवले त्याच्याविषयी शासकीय आयोगासमोर, त्याच शाळेच्या आवारात, शांतपणे अशी दोन्ही वाक्ये बोलणे हे येलविरुद्ध मैदानात परत जाण्याहून अवघड होते. तेथे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. येथे टाळ्या नव्हत्या, आणि शिक्षेची शक्यता होती. चाळीसेक मुले प्रॅटच्या कचेरीत एकत्र उभी राहिली तेव्हा त्यांनी खेळण्याची परवानगी मागितली होती. वीसेक वर्षांनंतर २७६ जणांनी परवानगी मागितली नाही, जाब विचारला. मधल्या काळात मैदानावर जे मिळवले गेले ते हेच, असे मानण्यास जागा आहे.

म्हणून कार्लाइलच्या मनोबलाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर विजयांच्या यादीत शोधून सापडत नाही. जोपर्यंत संघ जिंकत होता, तोपर्यंत शाळा, प्रशिक्षक आणि वृत्तपत्रे या साऱ्यांना त्याच्यावर हक्क सांगता येत होता. शाळेविरुद्ध उभे राहण्यात जे धैर्य प्रकट झाले, त्यावर शाळेला हक्क सांगता येणे शक्य नव्हते. ते त्या मुलांचे होते.

याचा अर्थ खेळाने त्यांना मुक्त केले असा घेऊ नये. फ्रीडमन यांना जावे लागले. वॉर्नर १९१४ चा हंगाम संपल्यावर पिट्सबर्गला गेला आणि त्याच्या कीर्तीला फारसा धक्का लागला नाही. त्या अखेरच्या हंगामात संघाने जिंकले त्याहून अधिक सामने गमावले. १९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि ती जागा महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी सैन्याकडे परत गेली. क्रीडानोंदींत कार्लाइलच्या नावे १६७ विजय आणि ८८ पराभव उरले. शाळेच्या दफनभूमीत १८० च्या आसपास मुले उरली. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू घरापासून दूर, रोगाने झालेला.

या दोन नोंदी एकत्र वाचण्यास फार वेळ लागला. थॉर्पची ऑलिंपिक विजेतेपदे १९८२ मध्ये सहविजेता म्हणून आणि जुलै २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून पुन्हा मान्य झाली. तोवर त्याच्या मृत्यूला ६९ वर्षे झाली होती. २०१७ पासून कार्लाइलच्या दफनभूमीतील मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवण्यास आरंभ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आली. दफनभूमीतील काही दगडांवर केवळ शाळेने दिलेले नाव आहे, तर काहींवर तेही नाही. फुटबॉलच्या नोंदींत मात्र पिअर्स, जेमिसन, डिलन, हाउझर, माउंट प्लेझंट, ग्वायन, वेल्श, आर्कासा आणि थॉर्प ही नावे, त्यांनी जिंकलेल्या यार्डांसह, शाबूत आहेत.